फिश फाइंडर घ्या, पण आधी दागिने सोडवा

नमस्कार. तुमचं पत्र इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. तुम्ही वाई तालुक्यातले, वय 38. मच्छीमार संस्थेमार्फत धोमच्या जलाशयात फायबरच्या छोट्या होडीतून मासेमारी करता. खर्च वजा जाता वर्षाला तीन लाखांच्या घरात उरतात. घरी पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुलं. यंदा 90 हजार हातात आहेत आणि फिश फाइंडर घ्यायचा आहे. 18 हजारांचा साधा घ्यावा, की 85 हजारांचा मोठ्या पडद्याचा, होडीच्या दोन्ही बाजूंचं दाखवणारा आणि नकाशे असलेला? विक्रेत्याने सांगितलंय की मासळी दुप्पट होईल आणि सहा महिन्यांत पैसे वसूल.

आधी याचंच उत्तर देतो. मासळी दुप्पट होणार नाही. हे यंत्र पाण्यात आवाजाच्या लहरी सोडतं आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून खोली, तळ आणि मधले अडथळे दाखवतं. साध्या यंत्राचा 200 किलोहर्ट्झचा झोत अरुंद असतो. दहा मीटर खोलीवर तो जेमतेम साडेतीन मीटर रुंदीचं वर्तुळ पाहतो. पडद्यावर मासा कमानीसारखा दिसतो, पण ती कमान कटल्याची की चिलापीची, हे यंत्र सांगत नाही. शिवाय तुम्ही संध्याकाळी जाळी लावून पहाटे काढणारे. थव्यामागे होडी पळवणारे नाही. तुम्हाला फायदा होईल तो खोली कळण्याचा आणि बुडालेल्या खोडांत जाळं फाटायचं टळण्याचा. तेवढं काम साधं यंत्र करतं.

हिशोब असा. 85 हजारांचं यंत्र पाच वर्षं चाललं आणि त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज धरलं, तर वर्षाला 27 हजार पडतात. किलोमागे हाती शंभर रुपये राहतात असं धरा. म्हणजे वर्षात 200 दिवस पाण्यावर गेलात, तर दर दिवशी सव्वा किलोहून जास्त मासळी केवळ यंत्रामुळे वाढली पाहिजे, तीही पाच वर्षं. साधं यंत्र आणि 12 व्होल्टची छोटी बॅटरी मिळून 20 हजार. त्याला रोज पाव किलोच्या थोडं वर पुरतं. नकाशांचे पैसे देण्याआधी विक्रेत्याला धोमचा नकाशा पडद्यावर उघडून दाखवायला सांगा.

तोपर्यंत फुकटचा उपाय आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठ मोठा उघडा पडतो. त्यावेळी फिरून खोडं, जुने बांध, ओढ्याची पात्रं फोनच्या नकाशावर खुणा करून ठेवा. खोलीसाठी दोरीला शिसं बांधा, दर मीटरला गाठ मारा.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीकडे येतो. तुम्ही लिहिलंय, "पॉलिसीचा हप्ता दरवर्षी बायकोच्या दागिन्यांवर उचलतो, त्यामुळे तो भार नाही." भार तोच आहे, आणि फार मोठा आहे.

होडीच्या कर्जावेळी, जानेवारी 2023 मध्ये, "पॉलिसी घेतली तरच कर्ज मंजूर होईल" असं सांगून ही पॉलिसी तुमच्या गळ्यात घातली. हप्ता 48 हजार, 15 वर्षं भरायचा. विसाव्या वर्षी "सात लाखांचे चौदा लाख". विमा फक्त पाच लाखांचा. दुप्पट ऐकून बरं वाटतं, पण हा परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास आहे, आणि तोही हमीचा नाही, बोनस धरून केलेला अंदाज. हप्त्यासाठी सोनेतारणावर तुम्ही देता 12 टक्के. व्याज भरून दरवर्षी नवंजुनं करता, मुद्दल तसंच राहतं, वर नव्या हप्त्याचं कर्ज चढतं. आज 1 लाख 44 हजार आहे, व्याज वर्षाला सतरा हजार.

हे असंच शेवटपर्यंत चाललं तर व्याज भराल सव्वाअकरा लाख आणि मुद्दल सात लाख वीस हजार. चौदा लाख मिळवायला साडेअठरा लाख जातील. तेवढं सोनं घरात नाही हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे मधेच कुठेतरी दागिने लिलावात जातील आणि पॉलिसीही बंद पडेल. तीन लाख कमावणाऱ्या माणसाला 48 हजारांचा हप्ता विकणाऱ्याने तुमच्या घराचा विचारच केलेला नाही. याचा मला संताप येतो, कारण सातारा-सांगलीकडून अशी पत्रं वारंवार येतात.

चौथा हप्ता भरू नका. विमा कंपनीकडून सरेंडर (पॉलिसी मोडून आज मिळतील ते पैसे घेणं) आणि पेड-अप (हप्ते थांबवून कमी रकमेची पॉलिसी मुदतीपर्यंत ठेवणं) दोन्हींचे आकडे लेखी मागा. तीन हप्ते भरलेल्या अशा जुन्या पॉलिसीत सरेंडर केल्यास भरलेल्या रकमेच्या साधारण 35 टक्के, म्हणजे 50 हजार मिळावेत. पेड-अप केली तर 17 वर्षांनी लाखभर रुपये आणि जमलेला थोडा बोनस. पण तेच 50 हजार आज 12 टक्क्यांच्या कर्जात भरले, तर सहा वर्षांतच त्यांनी दुपटीचं काम केलेलं असेल. म्हणून सरेंडर. 94 हजार गेले हे मला दिसतं. ते परत आणायला आणखी पाच लाख शहात्तर हजार भरायचे नाहीत.

मात्र सरेंडरचा अर्ज देण्याआधी दोन गोष्टी. कर्जासाठी सक्ती झाली, अशी लेखी तक्रार विमा कंपनीकडे करा. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं, फी नाही. दुसरं, साधा मुदत विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा) हातात येईपर्यंत जुना सोडू नका. हप्त्याची तारीख उलटल्यावर सवलतीचे दिवसही असतात. 50 लाखांच्या मुदत विम्याला तुमच्या वयाला वर्षाला दहा हजारांच्या आसपास लागतील; 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही. कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागेल, म्हणून कर बसत नसला तरी आयकराचं विवरणपत्र भरा. पुराव्याअभावी 25 लाखच मिळाले तर तेवढे घ्या.

बँकेत वर्षाला 20 रुपयांचा सुरक्षा विमा (अपघाताचा) आणि 436 रुपयांचा जीवनज्योती विमा (आयुर्विमा) याच आठवड्यात सुरू करा. मत्स्य संपदा योजनेत मच्छीमाराला अपघाती मृत्यूसाठी पाच लाखांचं संरक्षण आहे, हप्ता सरकार भरतं. यादीत तुमचं नाव आहे का, हे संस्थेच्या सचिवांना विचारा. ते टाळाटाळ करू लागले तर साताऱ्याला मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जा. होडीत लाइफ जॅकेट आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर फिश फाइंडरच्या आधी ते घ्या.

मग 90 हजारांतले 60 हजार आणि सरेंडरचे 50 हजार सोनेतारणात भरा. तीन हप्त्यांसाठी काढलेल्या सोनेतारणाच्या तीन वेगळ्या पावत्या आहेत, त्यातल्या दोन पुऱ्या फिटतात आणि ते दागिने घरी येतात. तिसरीवर 34 हजार राहतील, व्याज वर्षाला चार हजार. उरलेल्या 30 हजारांतून मुदत विम्याचा हप्ता जाईल, बाकी अडीअडचणीला ठेवा. पुढच्या हंगामाचा पहिला पैसा तिसऱ्या पावतीला. ती सुटली की साधा फिश फाइंडर रोखीने घ्या. जाळ्याला आणि इंधनाला पैसे कमी पडले तर मच्छीमारांचं किसान क्रेडिट कार्ड आहे: दोन लाखांपर्यंत 7 टक्के, वेळेत फेडलं तर 4. सोन्याला हात लावू नका.

पॉलिसी विकणाऱ्याचा फोन येईल, बोनस बुडेल म्हणेल. वरचा साडेअठरा लाखांचा हिशोब त्याला ऐकवा आणि उत्तर लेखी द्यायला सांगा. सरेंडरचा आकडा आला की मला कळवा. तो 40 हजारांच्या खाली असला तरी माझा सल्ला हाच राहील, फक्त तिसरी पावती सुटायला दोन-तीन महिने जास्त लागतील.