हुबेहूब दिसणारे दोन पक्षी वेगळ्या जातींचे कसे?

'डोळ्यांना फरक दिसत नाही, मग डीएनए बघून दोन जाती करणं म्हणजे नुसती यादी फुगवणं नाही का?' असं तुम्ही विचारलंय. मलाही आधी तसंच वाटायचं.

मी ठाण्याचा, हिवाळ्यात रविवारी येऊरला जातो. उंबराच्या शेंड्यात पर्णवटवटे नावाचे अंगठ्याएवढे पक्षी एक क्षण स्थिर बसत नाहीत. मान अवघडते, पण पंखावरची फिकट रेघ काही धड दिसत नाही. वहीत 'वटवट्या?' एवढंच लिहून मी मोकळा होतो. जाणकार मात्र दुर्बीण खाली करून कान देतात. मादीसुद्धा आपल्या जातीचा नर बराचसा गाण्यावरूनच ओळखते. गाणी वेगळी झाली की जोड्या जुळेनाशा होतात आणि पिसं तशीच राहिली तरी आत जनुकं आपापल्या वाटेने बदलत जातात.

अरुणाचलचंच बघा. 2009 मध्ये स्वीडनचे पक्षीशास्त्रज्ञ पेर अल्स्ट्रोम आणि भारतीय पक्षी अभ्यासक शशांक दळवी यांच्या लक्षात आलं, की एकाच जातीचा समजला जाणारा कस्तूर पक्षी खालच्या जंगलात सुरेल गातो, तर झाडं संपतात त्याच्या वर, खडकाळ उतारांवर, त्याचं गाणं खरखरीत आहे. मग डीएनए तपासला. दोघांच्या वाटा काही दशलक्ष वर्षांपूर्वीच फुटलेल्या! संग्रहालयांतले जुने नमुने काढून नीट मापं घेतली, तेव्हा चोच, पाय, शेपटी यांतलेही बारीक फरक दिसले. म्हणजे फरक होते, कुठे बघायचं ते माहीत नव्हतं. 2016 मध्ये जंगलातल्या कस्तुराला स्वतंत्र जात म्हणून सालिम अलींचं नाव मिळालं.

जुन्या नमुन्यांतूनही डीएनए मिळतो बरं का. तळपायाच्या वाळलेल्या कातडीचा छोटा तुकडा पुरतो.

तुमची शंका अगदीच चुकीची नाही. मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या कणांचा) डीएनए तपासायला सोपा म्हणून सुरुवात बहुधा त्याच्यापासून होते, पण तो फक्त आईकडून येतो. पूर्वी कधी दोन जातींचा संकर झाला असेल, तर एकीच्या अंगात दुसरीचा हा डीएनए सापडू शकतो. म्हणून आईबाप दोघांकडून येणारी, पेशीच्या केंद्रकातली जनुकंही बघावी लागतात. शिवाय अमुक टक्के फरक म्हणजे नवी जात, अशी कुठली ठरलेली रेघ नाही. गाणं न ऐकता, एकाच जनुकावरून कुणी नवी जात जाहीर केली, तर मी तरी ती यादीत घेत नाही.