नियोजन समितीवर नव्याने आलात? आधी जुना आराखडा वाचा

शहराच्या विकासाचा २० वर्षांचा नवा आराखडा हाती घेण्याआधी जुना आराखडा आणि मागची अंदाजपत्रकं शेजारी ठेवून वाचा. कोणत्या कामाला खरंच पैसा मिळाला ते लगेच कळतं.

नव्या रस्त्याच्या बांधकामाचा खर्च सगळेच विचारतात; तुम्ही पुढच्या ३० वर्षांच्या देखभालीचा विचारा. जलवाहिन्या, गटारं, पथदिवे, सगळ्यांचं तेच. शहर विरळ पसरलं की दर घरामागे पाइपची लांबी वाढते आणि तो बोजा कायमचा राहतो. पूररेषेच्या आतल्या बांधकामाला तर कितीही दबाव आला तरी हो म्हणू नका.

संयुक्त राष्ट्रांच्या १९९२च्या रिओ पर्यावरण परिषदेतल्या ‘अजेंडा २१’ या शाश्वत विकासाच्या कृती आराखड्यात स्थानिक संस्थांवर स्वतंत्र प्रकरण आहे, रहिवाशांशी बोलून कार्यक्रम ठरवा, असं त्यात म्हटलंय. हे बोलणं नकाशा पक्का होण्याआधी करा. नंतर फक्त हरकतीच येतात.