कॅलिफोर्नियात रेकलेस ड्रायव्हिंगचं अपील पहिल्यांदाच करतोयस?

हे बघ, भारतात आयपीसी कलम २७९ च्या (बेदरकार गाडी चालवणं, आता भारतीय न्याय संहिता म्हणजे बीएनएस २८१) केसेस लढलायस ते ठीक, पण तो हिशोब इथे लावू नकोस, तिकडे निष्काळजीपणावरही भागतं, इथे रेकलेस ड्रायव्हिंगच्या कलमाला, व्हेईकल कोड २३१०३ ला, तो पुरत नाही. ज्युरीला कॅलक्रिम २२०० (कॅलिफोर्नियातली ज्युरीसाठीची ठरलेली सूचना) वाचून दाखवतात त्यात ड्रायव्हरला मोठा धोका माहीत होता आणि त्याने मुद्दाम दुर्लक्ष केलं, दोन्ही लागतं. त्यातच कंसात एक वाक्य असतं, नुसती स्पीड लिमिट तोडली म्हणून हे सिद्ध होत नाही असं, केस स्पीडची असेल तर जजने ते वाचलं का हे ट्रान्सक्रिप्टमध्ये आधी शोध, बाकी सगळं नंतर.

चूक सापडली म्हणून लगेच नाचू नकोस. साधी चूक असेल तर वॉटसन खटल्याची (१९५६) कसोटी, म्हणजे चूक नसती तर निकाल तुझ्या बाजूने झुकण्याची वाजवी शक्यता होती हे तूच पटवायचं, गुन्ह्याचा घटकच सूचनेतून सुटला असेल तर चॅपमन खटल्याची (१९६७), मग चुकीने फरक पडला नाही हे दाखवायचं ओझं सरकारी पक्षावर. भांडण खरं इथेच होतं बघ. ट्रायलला ऑब्जेक्शन घेतलं नव्हतं? पीनल कोड १२५९ वाच, दार उघडं असू शकतं.

आणि अपील दाखल करायची मुदत, मिसडिमीनर (किरकोळ गुन्हा) ३० दिवस, फेलनी (गंभीर गुन्हा) ६०. जखमी झालेली केस म्हणजे फेलनीच असं धरू नकोस.