शेवट जोडू नकोस

चि. लेखिकाबाईंस,
सप्रेम सलाम.

कथा मिळाली, पत्रही मिळालं. कथा बरी आहे. पत्र वाचून मात्र माझं डोकं फिरलं.

आपल्या ख्रिस्ती मासिकाचे संपादक म्हणतात, कथेतल्या चर्चच्या खजिनदाराला शेवटी वेदीपुढे गुडघे टेकायला लावा, रडू द्या, मग छापतो. दिवाळी अंकवाले म्हणतात, चर्च जरा कमी करा, नाहीतर नाताळ, केक, गिटार असा थोडा रंग तरी भरा. आणि तू मला विचारतेस, "बाई, दोघांसाठी दोन वेगळे खर्डे करू का?" उद्या तिसरा भेटेल, तो म्हणेल खजिनदाराला मारून टाका. मारशील?

तू लिहू शकतेस की नाही, यावर मी शाई घालवणार नाही. येतं तुला. कापणीच्या सणाचा लिलाव लिहिलायस तो मी डोळ्यांनी बघितल्यासारखा आहे. दुधीभोपळा, शेवग्याच्या शेंगा, पाय बांधलेल्या कोंबड्या. एक जण अंडं बोलीत घेतो आणि पुन्हा टेबलावर ठेवतो, की परत बोली सुरू. रात्री खजिनदार पैसे मोजायला बसतो तेव्हा नोटांना कोंबड्यांचा वास येत असतो, आणि त्यातल्या काही तो उपासना-संगीताच्या पुठ्ठ्याच्या कव्हरात सरकवतो. मुलीच्या ऑपरेशनसाठी. दुसऱ्या रविवारी तेच पुस्तक हातात धरून गातो. तिथं तुझी कथा संपते. तिथंच ती संपली आहे. शेवट जोडू नकोस.

संपादकांना वाटतं, असं अर्धवट सोडणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. त्यांना मार्काचं शुभवर्तमान उघडायला सांग. सोळावा अध्याय, आठवं वचन. स्त्रिया येशूच्या कबरेपासून पळत सुटल्या, थरथर कापत होत्या, आणि भ्याल्यामुळे कोणाला काही बोलल्या नाहीत. चौथ्या शतकातल्या ज्या दोन मोठ्या जुन्या हस्तलिखित प्रती आज हाती आहेत, त्या दोन्हींत मार्क इथंच थांबतो. पुढची 12 वचनं मागाहून जोडली गेली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे तेव्हाही कोणाला तरी राहवलं नाही बघ. पुनरुत्थानाची बातमी भीतीवर कशी संपवायची?

योनाचं पुस्तक घे. निनवे शहर नाशातून वाचलं म्हणून योना संदेष्टा रुसून उन्हात बसलाय. देव त्याला विचारतो, ज्यांना उजवं-डावं कळत नाही अशी 1,20,000 हून जास्त माणसं या शहरात आहेत, शिवाय पुष्कळ गुरंढोरं. मी त्यांची कीव करू नये का? संपलं पुस्तक. गुरांवर संपलं! योना काय म्हणाला, घरी गेला का, कोणी सांगत नाही. उधळ्या मुलाच्या दाखल्यात, धाकट्याचं घरी स्वागत झालं म्हणून रुसलेला थोरला भाऊ अजून अंगणातच उभा आहे. बाप त्याची समजूत घालतोय आणि लूक तो दाखला तिथंच थांबवतो. आणि प्रत्येक स्तोत्रात शेवटी उजेड होतो असं संडे स्कूलमध्ये तुला शिकवलं असेल, तर 88वं स्तोत्र वाच. अंधारावर संपतं. ते कोणी काढून टाकलं नाही.

आता आपल्या मराठीतलं सांगते. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' 1857 सालचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. यमुना नवऱ्याबरोबर फिरते आणि वाटेत विधवांच्या हकिगती ऐकते. त्या हकिगती आजही अंगावर येतात. पुढं यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते, तिचा पुनर्विवाह होतो, सगळं नीट लागतं. बाबांचा काळ वेगळा, हेतू उघड, मी त्यांना नावं ठेवणारी कोण? पण वर्गात वर्षानुवर्षं शिकवताना मी बघितलंय, पोरींना त्या विधवा आठवतात. शेवट कोणालाच आठवत नाही.

आणि लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती कवी ना. वा. टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या बाईचं जग कोसळलं. बरीच वर्षं वेगळं राहावं लागलं. ते सगळं 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात आहे, पण स्वतः ख्रिस्ती झाल्यावर लिहिताना त्या मागं जाऊन आपल्या रागावर, रडण्यावर, सोवळ्यावर पांघरूण घालत नाहीत. 'तेव्हा मी अज्ञानात होते' असं म्हणून सोपं करत नाहीत. उलट स्वतःलाच हसतात. शाळेचं तोंड धड न बघितलेली बाई! आपण बी.ए., एम.ए. करून पश्चात्तापाचे परिच्छेद लिहितो. टिळक 1919 ला गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. दुसऱ्यानं जोडलेला तेवढा एक शेवट मला मान्य आहे.

माझ्याबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते. माझी एक कथा अशीच परत आली होती. ख्रिस्ती मंडळीतल्या जातीवर होती. आपल्या जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात जे ख्रिस्ती झाले त्यांतले बहुतेक महार आणि मांग समाजातले. बाप्तिस्मा एकाच प्रभूच्या नावानं झाला, पण सोयरीक जमवताना "मूळचे कोणातले?" हे आजही दबक्या आवाजात विचारतात. मी तेवढंच लिहिलं होतं. मला कळवण्यात आलं की शेवटी दोन्ही घरं एका पंगतीला बसवा. मी नाही म्हटलं. कथा पडून राहिली, आणि त्यानंतर माझं दुसरं काहीही त्या मासिकात आलं नाही.

माझी आई तेवढं एकच मासिक वाचायची. चष्मा पुसून, पहिल्या पानापासून, निधनवार्तांसकट. तिच्या हयातीत तिला त्यात माझं नाव दिसलं नाही. हे मला लागतं. अजून लागतं. पण ती पंगत मी बसवली असती तर आई काय म्हणाली असती तेही मला ठाऊक आहे. "कुठं गं जेवली ही दोन घरं?" असंच म्हणाली असती. माणसं मला आडमुठी म्हणतात, बाईंची पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकीच झाली ती बाईंमुळेच, असंही म्हणतात. म्हणोत. जी आहेत त्यांतलं एकही पान मला चोरून वाचावं लागत नाही. ज्यांनी पंगती बसवल्या त्यांची पुस्तकं आज कुठं आहेत, मी विचारत नाही. असो. विषय तुझा होता.

दिवाळी अंकवाल्यांचं दुखणं निराळं. त्यांना आपण पाहुणे वाटतो. इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्सनं 1616 साली गोव्यात रायतूरला मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं, त्याला चारशे वर्षं उलटली, तरी आपल्याला अजून "तुमचं मराठी छान आहे हो!" असं ऐकावं लागतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी आयुष्यभर वसईचं पाणी, झाडं, जमीन यांच्यासाठी लेखणी झिजवली, बायबल सोप्या मराठीत आणलं. 2020 ला धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तर धर्मगुरू अध्यक्ष कसा म्हणून केवढा गदारोळ! तेव्हा संशय असणार, तो गृहीत धर. पण संशयाला उत्तर म्हणून कथेतलं चर्च कमी करायचं, हा पळपुटेपणा आहे. खजिनदार लायब्ररीचा केलास तर उपासना-संगीताचं पुस्तक कुठून आणशील? नोटा कशात सरकवेल तो? आणि रंग भरायचा तर कुठला? तुझ्या गावात नाताळाला करंज्या तळतात आणि पेटी-तबल्यावर गातात. त्यांच्या डोक्यातली गिटार तू कशाला वाजवायची? तोही शेवट जोडण्यातलाच प्रकार, फक्त पानोपानी.

कंसही काढ. प्रभुभोजन म्हणजे काय, पाळक म्हणजे कोण, दशांश किती, सगळं कंसात समजावत बसली आहेस. वारीवर लिहिणारा रिंगण म्हणजे काय ते कंसात सांगतो का? वाचक हुशार असतो. नसला तर कोणाला तरी विचारेल.

आणखी एक, हे जरा कडू लागेल. पत्रात तू लिहिलंयस, "ही कथा प्रभूनं माझ्या मनात घातली." घातली असेल. मी नाकारत नाही, मीही प्रार्थना करूनच लिहायला बसते. पण हे वाक्य दुसऱ्याला सांगू नकोस, मलाही नको. एकदा प्रभूचं नाव घेतलंस की मी तुझं तिसरं पान लांबलंय असं कसं म्हणू? आणि ते लांबलंय. मुलीच्या लग्नाच्या बोलणीचा सगळा भाग काढून टाक, ऑपरेशन पुरे आहे.

मानधनाचं विचारलंस. मासिक देणार नाही, दिवाळी अंक दिला तर देईल. नोकरी सोडू नकोस.

पुढच्या रविवारी संपादक चर्चबाहेर गाठून विचारतील, तेव्हा चहाला थांब, नीट बोल, वाद घालू नकोस. वयानं मोठे आहेत, आणि त्यांना खरोखरच मंडळीची काळजी वाटते, हे मला आता कळतं. फक्त शेवट देऊ नकोस. त्यांनी "निदान एक ओळ" म्हटलं तरी नाही. एका ओळीतच खजिनदार खोटा होतो.

दिवाळी अंकाची मुदत जवळ आली असेल. कंस काढलेली, लग्न काढलेली प्रत टाइप करून तिकडे पाठव, दुसरी मला पाठव. आणि लिलावात ते अंडं शेवटी कितीला गेलं ते लिहायचं राहिलंय, तो आकडा घाल.

तुझ्या
बाई