ताटातूट आणि घरातलं गुपित: कोणत्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचाव्यात?

कुटुंबाची ताटातूट आणि वर्षानुवर्षं दडवलेलं गुपित असलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या तुम्ही विचारल्या आहेत. माझी कसोटी एकच: ज्या घटनेने घर फुटलं, तिच्यातूनच गुपितही जन्मलेलं असावं. युद्ध नुसतं मागच्या पडद्यावर आणि शेवटच्या प्रकरणात माळ्यावर सापडलेली पत्रं, अशी कादंबरी मी सुचवणार नाही.

सुरुवात अमृता प्रीतम यांच्या 'पिंजर'ने करा. १९५० ची, छोटीशी, दोन बैठकांत संपणारी. घराण्यांच्या जुन्या वैरातून रशीद पुरोला पळवून नेतो. ती निसटून माहेरी येते, तर आईवडीलच तिला घरात घेत नाहीत. पुढे फाळणी येते. वाचण्याआधी एक माहिती असू द्या: पळवलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी भारताने १९४९ मध्ये कायदा केला, पण परत जायचं की नाही हे त्या बाईच्या मर्जीवर सोडलेलं नव्हतं. एवढं ठाऊक असेल तर पुरोच्या शेवटच्या निर्णयाचं वजन कळतं.

त्यानंतर ज्योतिर्मयी देवींची 'एपार गंगा ओपार गंगा'. या यादीतली माझी सर्वात आवडती, आणि आपल्याकडे फार कमी वाचली गेलेली. मूळ बंगाली, इंग्रजी अनुवाद 'द रिव्हर चर्निंग' या नावाने आहे. १९४६ च्या, पूर्व बंगालमधल्या नोआखालीच्या दंगलीत सुतारा नावाच्या मुलीचं घर उद्ध्वस्त होतं आणि शेजारचं मुसलमान कुटुंब तिला सांभाळतं. कलकत्त्याला भावाकडे पोचल्यावर मात्र त्याच्या सासरची माणसं तिला पाण्याला, स्वयंपाकाला हात लावू देत नाहीत. त्या रात्री तिच्यावर नेमकं काय गुदरलं हे लेखिका कुठेच स्पष्ट सांगत नाही. काही वाचकांना तिथे काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. पण ते मौन हाच पुस्तकाचा गाभा आहे. मोठी झाल्यावर सुतारा कॉलेजात शिकवते, आणि तिचा विषय असतो इतिहास.

'द ग्लास पॅलेस' ही अमिताव घोष यांची २००० ची कादंबरी कोकणातल्या वाचकाने तर चुकवूच नये. १८८५ मध्ये ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले पडते, तिथल्या थिबा राजाला इंग्रज कुटुंबासह रत्नागिरीला आणून ठेवतात आणि राणीच्या सेवेतली डॉली राजकुमार नावाच्या अकरा वर्षांच्या अनाथ हिंदुस्थानी मुलापासून दुरावते. एक सावधगिरी: आज आपण पाहतो तो थिबा राजवाडा १९१० चा. कादंबरीतली रत्नागिरी बरीचशी त्याआधीची, राजाला आधी ठेवलेल्या आउट्रम हाऊसमधली आहे, म्हणून राजवाड्याचे सज्जे डोळ्यांपुढे आणून ती पानं वाचू नका. थोरल्या राजकन्येचं स्थानिक सावंताशी जुळलेलं नातं मात्र कल्पित नाही. फक्त त्या माणसाचं नाव घोषांनी बदललंय.

बहुतेकजण हे पुस्तक मध्येच सोडतात ते मलायातल्या रबराच्या मळ्यांपाशी, कारण माणसं वाढत जातात. एका कागदावर तीन घरं मांडून ठेवा: राजकुमार-डॉलीचं, डॉलीची मैत्रीण उमा हिच्या भावाचं आणि राजकुमारला आधार देणाऱ्या साया जॉनचं. मग रंगूनवर बॉम्ब पडल्यानंतर ब्रह्मदेशातून पायी निघालेल्या भारतीय लोकांचे हाल येतात तेव्हा कोण कुणाचं हे शोधत बसावं लागत नाही. ती पानं वाचताना मागे वळायची वेळ येऊ नये.

भारताबाहेरची एकच सुचवतो: मिन जिन ली यांची 'पाचिंको', २०१७. जपानच्या ताब्यातल्या कोरियातून ओसाकाला गेलेल्या सुंजाच्या कुटुंबाच्या चार पिढ्या. थोरला मुलगा नोआ कुणाचा, हे वाचकाला आधीपासून माहीत असतं, त्याला नसतं. सगळा ताण त्यातच आहे. म्हणून मलपृष्ठ आणि परीक्षणं आधी वाचू नका. जपानमध्येच जन्मलेल्या नातवाला चौदाव्या वाढदिवशी परकीय म्हणून बोटांचे ठसे द्यावे लागतात, त्या प्रसंगाजवळ जरा थांबा.

यशपाल यांची 'झूठा सच' शेवटी ठेवा. दोन जाड खंड, १९५८ आणि १९६० चे. हिंदी असल्याने मूळच वाचा. फाळणीच्या दंगलीत जळालेल्या घरात नायिका तारा मेली असं घरचे धरून चालतात, पण तिथवर पोचायला लाहोरच्या गल्लीतलं रोजचं जगणं बरंच वाचावं लागतं. ती पानं भराभर उलटलीत, तर तिने काय गमावलं हे दुसऱ्या खंडात जाणवणार नाही.