गोव्यातल्या हणजुणेच्या खडकांत तारामासा हाताळताना

ओहोटीची वेळ बघून तासभर आधीच खडकांवर उतरा. भरती लागायच्या आत परतता येतं. हातांना सनस्क्रीन, सॅनिटायझर नको. समुद्राच्याच पाण्यात हात भिजवून एका बोटाने तारामाशाच्या पाठीला हलकेच स्पर्श करा. खरखरीत कातडी लगेच कळते. ओढून काढू मात्र नका. पोटाकडचे बारीक नळीपाय खडकाला घट्ट चिकटलेले असतात, ओढले की तुटतात.

समुद्रकाकडीला, म्हणजे काकडीसारख्या लांबट, मऊ प्राण्याला, हातच लावू नका. घाबरली की ती आतडी बाहेर टाकते, शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्याचं तिला संरक्षण आहे. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख कितीही देखणा असो, उचलू नका. आतली गोगलगाय विषारी काटा मारते. आणि उलटवलेला दगड होता तसाच ठेवा, नाहीतर खाली चिकटलेली अंडी उन्हाने वाळतात.