वाचकांचे प्रश्न : वर्गातला पडदा

प्रश्न : गुहागर तालुक्यातल्या शाळेत मी सातवीला भूगोल शिकवते. भरती-ओहोटीच्या पाठासाठी ४२ स्लाइड्स केल्या. व्याख्या, मुद्दे, आकृत्या, काही सोडले नाही. पण मुले मान खाली घालून पडद्यावरचे उतरवून घेतात आणि माझे बोलणे वाऱ्यावर जाते. तास ३५ मिनिटांचा, शेवटच्या दहा-बारा स्लाइड्स तर राहूनच जातात. काय बदलू?

उत्तर : ३५ मिनिटांत ४२ स्लाइड्स म्हणजे एकीच्या वाट्याला ५० सेकंद. तेवढ्यात मुलाने वाचायचे, उतरवायचे, की तुमचे ऐकायचे? पडद्यावरचा मजकूर आणि तुमचा आवाज दोन्ही शब्दच, त्यामुळे एकाकडे लक्ष गेले की दुसरे सुटते. रिचर्ड मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने यावर वर्षानुवर्षे प्रयोग केले. चित्र दाखवून तोंडी समजावले तर चांगले कळते. तेच शब्द पडद्यावरही लिहिले की समज वाढण्याऐवजी बहुधा घटते, असे त्यांत दिसले.

पिंगुळीच्या चित्रकथी कलावंतांना हे प्रयोगांवाचून ठाऊक आहे. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजाने ही कला जपली; परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. पोथीतले एकेक चित्र समोर धरायचे आणि रामायण-महाभारतातला प्रसंग गाऊन सांगायचा. कथा चित्रावर लिहिलेली नसते, ती सांगणाऱ्याच्या तोंडी असते. प्रसंग संपला की चित्र बदलते, त्याआधी नाही.

तुमच्या पाठाला आठ स्लाइड्स पुरेत. पहिल्या दोन अशा करा : धक्क्यावरून किंवा खाडीच्या पुलावरून, एकाच जागेवरून दोन फोटो काढा, एक भरलेल्या पाण्याचा आणि एक सुकतीचा. मध्ये साधारण सव्वासहा तास जातात. अमावास्या किंवा पौर्णिमा झाल्यावर एक-दोन दिवसांत काढलेत तर उधाणामुळे फरक ठळक येतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाचे पाणी असते, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी, फोटोंतला फरक थोडाच दिसेल आणि मेहनत वाया जाईल. फोन आडवा धरून कठड्यावर टेकवा, टेकवला तिथे खडूने खूण करा. चौकटीत न हलणारे काहीतरी हवे, जसे धक्क्याच्या पायऱ्या किंवा खांब. नांगरलेली होडी या कामाची नाही, ती पाण्याबरोबर वरखाली होते आणि तोंडही फिरवते.

आता पॉवरपॉइंटमध्ये पहिल्या फोटोची स्लाइड 'डुप्लिकेट' करा. दुसऱ्या स्लाइडवरच्या फोटोवर उजवी क्लिक करून 'चेंज पिक्चर'ने ओहोटीचा फोटो घाला. दोन्ही फोटो एकाच फोनचे, आडवे आणि न कापलेले असले की आकार आणि जागा तीच राहते. ट्रान्झिशन 'फेड', वेळ एक सेकंद. फोटो जरासा जरी सरकला तरी मुलांची नजर पाण्याऐवजी त्या उडीकडे जाते. (गरागरा फिरत येणारी ट्रान्झिशन्स वाढदिवसाच्या व्हिडिओसाठी ठेवावीत.) या दोन स्लाइड्सवर एकही शब्द नको. 'काय काय बदलले?' एवढे विचारा आणि मिनिटभर गप्प बसा. पायऱ्या मोजणारा कुणीतरी निघतोच.

पुढची चंद्र-सूर्य-पृथ्वीची आकृती एकदम दाखवू नका. आधी पृथ्वी, क्लिक केल्यावर चंद्र, मग पाण्याचा फुगवटा, शेवटी सूर्य. नावे त्या-त्या गोलाशेजारीच लिहा. कोपऱ्यात सूची दिली की डोळे इकडून तिकडे धावत राहतात.

भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा हिशेब मात्र फळ्यावर घ्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो : अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. हा हिशेब मुंबईकडचा आहे. किनाऱ्याने दक्षिणेला जावे तशी भरती थोडी आधी येते. तुमच्याकडे किती आधी, ते मुलांनी गावातल्या खारव्यांना (मच्छीमारांना) विचारून यावे. फळ्यावर काम चालू असताना कीबोर्डवरचे 'बी' दाबले की पडदा काळा होतो, पुन्हा दाबले की स्लाइड परत येते. मराठी कीबोर्ड चालू असेल तर आधी इंग्रजीवर आणा. व्याख्या पुस्तकात आहेतच, त्या शेवटच्या पाच मिनिटांत तिथूनच वाचून घ्या.

प्रश्न : घरच्या लॅपटॉपवर मराठी नीट दिसते. शाळेच्या संगणकावर तीच फाइल उघडली की कधी इंग्रजी अक्षरांची खिचडी होते, तर कधी मराठी दिसते पण ओळी स्लाइडबाहेर पळतात. (शिक्षक, राजापूर तालुका)

उत्तर : हे दोन वेगळे आजार आहेत. खिचडी होते ती जुन्या फॉन्टमुळे. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरेच असतात, त्यांना फक्त देवनागरी रूप दिलेले असते. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ते सोंग उतरते. असा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या खऱ्या देवनागरी अक्षरांत, बदलून घ्या आणि रफार, 'ऱ्या', 'ऱ्ह' नि जोडाक्षरे डोळ्यांखालून घाला. चुका तिथेच राहतात.

ओळी पळतात तेव्हा मजकूर युनिकोडच असतो, पण तुम्ही वापरलेला फॉन्ट त्या संगणकावर नसतो आणि त्याच्या जागी वेगळ्या रुंदीचा येतो. विंडोजवर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या वाटेने जाऊन 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल'वर खूण करा. त्याहून सोपे म्हणजे विंडोजसोबतच येणारा निर्मला यूआय वापरणे. पीडीएफ केली तर अक्षरे हलत नाहीत, पण आवाज आणि अ‍ॅनिमेशन जाते.

मजकुराचा आकार २८ पॉइंटच्या खाली नको, ओळींमधले अंतर १.२ तरी ठेवा. देवनागरीत वर वेलांट्या आणि खाली उकार असतात. अंतर कमी पडले की ते एकमेकांत घुसतात. स्लाइड लावून शेवटच्या बाकावर स्वतः बसून पाहा.

प्रश्न : तिसरीच्या मुलांकडून आजीच्या मालवणी गोष्टींचे छोटे व्हिडिओ करून घ्यायचे आहेत. आवाज घुमतो, चित्रे अंधुक येतात. आणि गोष्ट मालवणीतच ठेवावी की प्रमाण मराठीत? (शिक्षिका, मालवण तालुका)

उत्तर : मालवणीतच. गोष्टीतला झील आणि चेडू बदलून 'मुलगा' आणि 'मुलगी' केले की आजी आजीसारखी बोलत नाही. बाहेरून आलेल्या मुलांसाठी पाच-सहा अडणारे शब्द आधी फळ्यावर सांगा.

आधी आवाज पुरा करा, चित्रे मागाहून. शहाबादी फरशीच्या मोकळ्या पडवीत आवाज घुमणारच. गोधड्या आणि कपडे असलेली आतली खोली घ्या. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर. पत्र्याचे छप्पर असेल तर पाऊस थांबेपर्यंत थांबा. पत्र्यावरच्या सरींचा आवाज नंतर कुठल्याही अ‍ॅपने धड निघत नाही. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवा. अगदी समोर धरला तर प, फ, भ उच्चारताना हवेचा फटका बसतो. आजी अडखळली तर रेकॉर्डिंग थांबवू नका, ते वाक्य पुन्हा म्हणायला सांगा आणि नंतर कापा. शेवटी खोलीतली अर्ध्या मिनिटाची शांतताही रेकॉर्ड करा. कापलेल्या जागी ती भरली की सांधा कळत नाही.

तीन मिनिटे पुरेत, म्हणजे ३००-३५० शब्द. त्याला १२ चित्रे, सरासरी १५ सेकंदांना एक. पण वाटणी समान नको. वाघरू झाडीतून बाहेर येते ते चित्र चार सेकंदांत जावे, आजीने आवाज लहान केला की चित्र तिथेच थांबावे. कागद सर्व मुलांनी आडवाच धरायचा, नाहीतर पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. फोटो खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून, बरोबर वरून काढा. तेलखडूचे चित्र चमकत असेल तर कागद थोडा फिरवा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवले की बारीक होऊन येतात, 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. पार्श्वसंगीत घालायचा मोह टाळा.

आणि व्हिडिओ शाळेबाहेर जाणार असेल तर आजीला आधी स्पष्ट विचारा, आवाज आणि गोष्ट दोन्हींबद्दल.

प्रश्न : पावसाळ्यानंतर प्रोजेक्टरचे चित्र धुरकट दिसू लागले. (मुख्याध्यापक, दापोली तालुका)

उत्तर : भिंगावर बुरशी आलेली असू शकते. वरची धूळ ब्लोअरने उडवून मऊ मायक्रोफायबर कापडाने पुसा, पाणी किंवा काच पुसायचा फवारा नको. आतले भिंग कारागिराकडेच द्या. पुढच्या वर्षी जून ते सप्टेंबर प्रोजेक्टर आठवड्यातून अर्धा तास तरी चालवा आणि पूर्ण थंड झाल्यावर सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा. बटणाने बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग उपटू नका, त्याने दिवा लवकर जातो. एअर फिल्टरही पाहून घ्या, तो बहुतेकांच्या लक्षातच नसतो.

प्रश्न : वर्गात नेट टिकत नाही, व्हिडिओ अडकतो आणि मुले गोंधळ घालतात. (शिक्षक, श्रीवर्धन तालुका)

उत्तर : बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपमध्ये स्कॅन केले की त्या पाठाचे साहित्य उघडते आणि डाउनलोड करून नेटशिवाय दाखवता येते. रेंज असेल तिथे आदल्या दिवशी उतरवून ठेवा आणि फोन फ्लाइट मोडवर टाकून एकदा चालवून बघा. व्हिडिओ सलग दाखवू नका. सुरू करण्याआधी एक प्रश्न द्या, दोन-अडीच मिनिटांनी थांबवा आणि उत्तर तोंडी न घेता वहीत एका ओळीत लिहायला सांगा. स्पीकर पडद्याजवळ ठेवा, फोनच्या आवाजावर तिसऱ्या बाकापलीकडे कुणाला ऐकू येत नाही.